जागा बदल माड्री, सर

आमच्या घरी ससे कसे आले ते आधी सांगितले पाहिजे, कारण प्राण्यांची आवड म्हणतात तशी मला कधीच नव्हती. दिवसभर साडेचारशे मुलांच्या गलक्यात काढल्यावर घरी कोणी पायात घुटमळू नये, कोणी हाक मारू नये, एवढीच माणसाची अपेक्षा उरते. पण २०१९ च्या मे महिन्यात आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला निघाले आणि जाताना आपली पांढरी सशीण आमच्या धाकटीच्या ओंजळीत ठेवून गेले. "एकटी आहे बिचारी. खाणं ते किती! त्रास काही नाही," असे ते म्हणाले. चित्रकलेचा माणूस, गणित कच्चे. सशीण एकटी नव्हती. जूनच्या मध्यावर एका सकाळी तिने आपल्याच छातीचे केस उपटून खोक्याच्या कोपऱ्यात गादी केली, आणि त्या गादीत सहा पिले, डोळे मिटलेली, अंगावर केस नसलेली, आल्याच्या कुड्यांसारखी वळवळत होती.

धाकटी तेव्हा आठवीत होती. नावे तिनेच ठेवली. आईचे नाव साखर. पिले पांढरी म्हणून मैदा, रवा, साबू, खसखस आणि चुरमुरी. सहावे तपकिरी निघाले, त्याचे नाव बेळगावच्या मिठाईवरून कुंदा. आमच्या सौ. म्हणाल्या, "हे बारसं आहे की किराण्याची यादी?" मला स्वतःला नावे लक्षात राहत नसत. मी त्यांना हजेरीपटाप्रमाणे एक ते सहा नंबर देऊन टाकले होते. यावरून घरात माझी पुष्कळ थट्टा होई. पुढे तोच हजेरीपट आमच्या कामी येणार होता, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

आम्ही राहतो खानापुरात. मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि गावाला वळसा घालून पुढे जाते. सह्याद्री जवळ, त्यामुळे पाऊस कसा असतो हे इथल्या वाचकांना सांगायला नको. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपडे वाळत नाहीत. ते फक्त कमी ओले होतात.

पिंजरा मी हौसेने करवून घेतला होता. जुन्या खाटेची लाकडे, पुढे जाळी, खाली सलग फळी आणि फळीवर गोणपाट. सुताराने विचारलेही होते, "खाली फटी ठेवून पट्ट्या मारू काय, सर? घाण खाली पडंल." मी म्हणालो, "नको, फटीतून गार वारा लागेल." मुख्याध्यापकाला कोणी दुसऱ्यांदा सुचवत नाही, हा आमच्या धंद्यातला मोठाच तोटा आहे. जुलैत पडवीत झड येऊ लागली तेव्हा मी पिंजरा उचलून आत, न्हाणीघराच्या भिंतीला लावला. पलीकडे पाणी तापवायचा बंब, त्यामुळे भिंत सदा कोमट. पिलांना ऊब मिळेल! सगळी एकाच पिंजऱ्यात, एकमेकांना बिलगून. या व्यवस्थेचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

ऑगस्ट उजाडला तो पाणी घेऊनच. त्या वर्षीचा पूर बेळगाव, कोल्हापूर, सांगली या तिन्ही जिल्ह्यांत कोणी विसरणार नाही. जिल्ह्यातल्या शाळांना सुट्टी जाहीर झाली, कोल्हापूरकडचा राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला, आणि गावोगावची माणसे वर्तमानपत्र येईल की नाही याची वाट बघत घरात बसली. शनिवारी, ३ तारखेच्या रात्री धाकटी मला उठवायला आली. "बाबा, रवा कोपऱ्यात बसलाय. खात नाही. त्याला जुलाब होताहेत."

मी कंदील घेऊन गेलो. वीज अर्थातच नव्हती. रव्याचे अंग फुगल्यासारखे, केस विस्कटलेले, मागचे पाय घाणीने माखलेले. सकाळ होईपर्यंत साबू आणि मैदाही तसेच. सात आठवड्यांची पिले ती. आजवर लेंडी म्हणजे मोजून घ्यावी अशी कोरडी, वाटाण्यासारखी. आता गोणपाट चिकट झाले होते.

इथे मी जे केले ते लिहायचे म्हणूनच हा लेख लिहायला घेतला आहे.

रविवार होता. गावातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर पुराच्या गावांकडे जनावरांसाठी गेले होते, ते केव्हा परततील सांगता येत नव्हते. बेळगाव पंचवीसेक किलोमीटर, पण गाड्यांचा भरवसा नव्हता. घरात तीन पिले आजारी, मुलगी रडवेली, आणि मी घरातला शिकलेला माणूस. शिकलेल्या माणसाला 'मला यातले कळत नाही' हे वाक्य सुचत नाही. धाकटीला लहानपणी घसा बसला, ताप आला की डॉक्टर अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध देत, ते मला आठवत होते. गुलाबी, गोड, निरुपद्रवी. मी औषधाच्या दुकानात गेलो आणि नाव सांगून बाटली मागून घेतली. दुकानदाराने कोणासाठी ते विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. मुलांचा डोस वजनावर असतो, तेव्हा सशाचे वजन काढून त्रैराशिक मांडले. एम. ए. मराठीचे असले तरी तेवढे गणित येते. रविवारी संध्याकाळी तिघांच्याही तोंडात ड्रॉपरने ते औषध घातले. सोमवारी घातले. मंगळवारीही घातले.

सोमवारी पंचमी होती. सौ.नी तंबिटाचे लाडू वळून ठेवले होते, लाह्या फोडल्या होत्या. पहाटे रवा गेला. धाकटीने त्याला आपल्या जुन्या ओढणीत गुंडाळले आणि आम्ही दोघांनी भर पावसात परसातल्या पारिजातकाखाली खड्डा खणला. खड्डा खणावा तो पाण्याने भरून यावा. शेवटी थोडी उंच जागा पाहिली. नागाला दूध घालायला आलेल्या शेजारच्या अक्का भिंतीपलीकडून बघत होत्या. अक्का कन्नड बोलणाऱ्या. पंचवीस वर्षे आमची भिंत एक आहे, त्यामुळे त्यांचे मराठी आणि आमच्या सौ.चे कन्नड एकमेकांत इतके मिसळले आहे की दोघी बोलताना तिसऱ्याला एकही भाषा ओळखू येत नाही. त्या आत आल्या, पिंजऱ्यापाशी उकिडव्या बसल्या, गोणपाटाला बोट लावले आणि म्हणाल्या, "सर, पिलं ओल्यात ठेवलासा काय हो?"

मी म्हणालो, "ओल नाही अक्का, ऊब आहे तिथं."

अक्कांनी बोट नाकाशी नेले आणि काही बोलल्या नाहीत.

त्या दिवशी खसखस आजारी पडली. तिला औषध द्यावे की नाही यावर मी आणि धाकटी भांडलो. ती म्हणाली, "रव्याला दिलं तर तो गेला." मी म्हणालो, "त्याला उशीर झाला होता." तिने खसखसला उचलून आपल्या खोलीत नेले आणि दार लावून घेतले. म्हणून खसखसला औषध दिले गेले नाही. मंगळवारी रात्री तीही गेली.

ज्यांच्या घरी एकच कुत्रे किंवा एकच मांजर असते त्यांना हा अनुभव नसावा. एक आजारी असला की सारे घर त्याच्याभोवती बसते. चार-पाच एकदम पडले की दुःख करायलाही सवड मिळत नाही. एकाला पुरून हात धुतो न धुतो तोच दुसऱ्याला पाणी पाजायची वेळ झालेली असते. जो सर्वांत वाईट अवस्थेत असतो त्याच्याकडे हात आपोआप जातो, मग तेच हात घेऊन आपण धडधाकट पिलाला खायला घालतो. कोणाला किती पाजले, कोणी काय खाल्ले, ती घाण कोणाची, काहीही आठवत नाही. मंगळवारी रात्री आम्ही तिघेही एकमेकांवर खेकसत होतो, आणि साबूला दोनदा पाणी पाजले गेले, मैदाला एकदाही नाही, हे पहाटे लक्षात आले.

बुधवारी डॉक्टर परतल्याचे कळले. पुठ्ठ्याच्या खोक्यात साबू आणि मैदा, आणि धाकटीच्या हातात प्लास्टिकच्या डबीत थोडी घाण, असे आम्ही गेलो. डॉक्टर तरुण होते, विजापूरकडचे. चार दिवस चिखलात काढून आलेले, गुडघ्यापर्यंत पँट वाळलेल्या गाळाने पांढरी झालेली. त्यांनी खोके उघडले आणि विचारले, "एष्ट अदाव्री?" किती आहेत? मी सांगितले, सात होते, पाच राहिले. त्यांनी डबीतली घाण काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिली. मग सहज, वर न बघता विचारले, "येनर औषध कोट्टीरेन्री?" काही औषध दिलेत का?

माझे कन्नड कचेरीपुरते आहे, पण एवढे समजायला पुरेसे आहे.

"इल्री," मी म्हणालो. नाही.

का म्हणालो? कितीतरी वेळा स्वतःला विचारले. त्या क्षणी ते खोटे आहे असेसुद्धा वाटले नाही. शाळेत एखादा मुलगा 'मी नाही सर' म्हणतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असते तेच माझ्या चेहऱ्यावर असणार. धाकटी माझ्या शेजारी उभी होती. आमच्या मराठी शाळेत ती कन्नड भाषा म्हणून शिकते, आणि अक्कांच्या नातवंडांबरोबर खेळून ती तिच्या तोंडात माझ्यापेक्षा सहज बसली आहे. ती डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "कोट्टार्री. नम्म अप्पा कोट्टार्री." दिलंय. आमच्या बाबांनी दिलंय. आणि तिने औषधाचे नाव सांगितले, किती थेंब ते सांगितले, किती दिवस तेही सांगितले.

मराठीत ती हे माझ्यासमोर बोलू शकली नसती असे मला वाटते. दुसऱ्या भाषेचा तिला आडोसा मिळाला.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे, मला समजेल अशा मराठी-कन्नडात सांगितले. सशाचे पोट आपल्यासारखे नसते. त्याच्या आतड्यात गवत पचवणारे जंतू असतात, त्यांच्यावरच तो जगतो. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनसारखी औषधे तोंडावाटे गेली की ते चांगले जंतू मरतात, वाईट माजतात, त्यांचे विष अंगात भिनते. कधी लगेच, कधी चार दिवसांनी ससा जातो. माणसाच्या मुलाला जे चालते ते सशाला विष होऊ शकते. मी विचारले, "मग रवा त्यानेच गेला का?" ते म्हणाले, सांगता येणार नाही. तो तसाही गेला असता. ज्याला दिले नाही तीही गेलीच ना?

मूळ आजार वेगळाच होता. त्याला कॉक्सिडिओसिस म्हणतात. त्यांनी धाकटीला सूक्ष्मदर्शकातून दाखवले, मलाही. लहान लहान लांबट अंड्यांसारखे काहीतरी, काचभर. ही बीजे लेंडीवाटे बाहेर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन दिवसांत पिकतात, आणि पाय चाटताना, गोणपाटावर पडलेले गवत खाताना पुन्हा पोटात जातात. दूध तुटण्याच्या वयाची पिले सर्वांत आधी बळी पडतात. आई बहुधा स्वतः ठणठणीत असते, तिच्याकडूनच पिलांना मिळते. फिनेलने ती बीजे मरत नाहीत. उकळते पाणी, आगीची आच आणि कोरडी हवा यांनाच ती भितात. मी दोन दिवस बाटलीभर फिनेल ओतले होते.

त्यांनी पाण्यातून द्यायचे सल्फाचे औषध लिहून दिले, अमॉक्सिसिलिन बंद करायला सांगितले, क्षार-साखरेचे पाणी सांगितले. मग खोके बंद करताना म्हणाले, "औषध आमेले. मोदल जागा बदल माड्री, सर." औषध नंतर. आधी जागा बदला. आणि पुढे जे बोलले ते मी मराठीत देतो: "एक ससा आजारी पडला तर सशाकडे बघायचं. सगळे एकदम पडले तर जमिनीकडे बघायचं."

'जागा बदल माड्री' या तीन शब्दांतले दोन आपलेच आहेत. भाषांतर लागत नव्हते. तरी ते मला घरी पोचेपर्यंत कळत गेले.

आमच्या घरातली सर्वांत कोरडी खोली म्हणजे माझी बसायची खोली. वरच्या मजल्यावर, पूर्वेला खिडकी, चारी भिंतींना पुस्तके. त्या खोलीत जेवणाचे ताट न्यायचीही कोणाला परवानगी नव्हती. धाकटीने खोके जिन्यापाशी ठेवले आणि माझ्याकडे बघितले. मी काही न बोलता टेबलावरचे कागद आवरायला लागलो.

अक्का आल्या. त्यांनी कोळशाची शेगडी पेटवून खोलीत ठेवली, खिडकी बोटभर उघडी ठेवायला सांगितली आणि आपल्या शेळ्यांच्या माळ्यावरचे वाळके गवत दोन पेंढ्या आणून टाकले. ओले हिरवे बंद. जुना पिंजरा आम्ही परसात छपराखाली नेला, गोणपाट जाळले, फळी उखडली. सुताराला बोलावून फटी ठेवून पट्ट्या मारून घेतल्या. तो काही बोलला नाही. त्याचे उपकार झाले. मग हंडाभर उकळते पाणी ओतून, आच दाखवून पिंजरा शेगडीपाशी वाळत ठेवला. तोवर प्रत्येक ससा वेगळ्या खोक्यात, खाली वर्तमानपत्र, दिवसातून तीनदा बदलायचे. आमच्याकडे मराठी आणि कन्नड अशी दोन वर्तमानपत्रे येतात. सशांनी दोघांनाही समान न्याय दिला.

आणि मी हजेरीपट काढला. रुळाने रेघा मारून रकाने पाडले: नाव (नंबर नाही, धाकटीने नावेच लिहिली), वजन, खाल्ले का, पाणी किती, लेंडी कशी, औषध, सही. स्वयंपाकघरातला वजनाचा काटा, त्यावर परात, परातीत ससा. रोज सकाळी एकाच वेळी वजन. ससा आजार लपवतो. बाहेरून डोळे टवटवीत असतात आणि आत पोट थांबलेले असते. पण ग्रॅम खोटे बोलत नाहीत. कुंदा सातशे वीस, चुरमुरी सहाशे नव्वद, मैदा सहाशे दहा, साबू पाचशे सत्तर.

डॉक्टरांनी एक शिस्त सांगितली होती, ती पहिल्यांदा मला निर्दयी वाटली. आधी धडधाकट, मग संशयित, शेवटी आजारी. खायला घालणे, साफ करणे, वजन, सर्व याच क्रमाने, आणि प्रत्येकानंतर साबणाने हात. म्हणजे साखर आणि कुंदा पहिले, साबू शेवटचा. जो मरणाच्या दारात आहे त्याला शेवटी जायचे! पण उलट क्रमाने गेलो तर आपणच त्याची घाण दुसऱ्याकडे नेतो. चुरमुरीला त्या आठवड्यात फक्त एक दिवस जुलाब झाले, ते मला वाटते याच क्रमामुळे.

ससा उलटी करू शकत नाही, आणि एखादा दिवस त्याने खाल्ले नाही तर त्याची आतडी थंडावतात. म्हणून जो खात नाही त्याला भरवावे लागते. वाळल्या गवताचा भुगा कोमट पाण्यात कालवून, गाळून, सुई काढलेल्या सिरिंजने, तोंडाच्या बाजूने, समोरून नव्हे, नाहीतर श्वासात जाते. एका वेळी अर्धा घोट. गिळला की पुढचा. दर दोन तासांनी. रात्रीचे आम्ही पहारे वाटून घेतले. दहा ते एक सौ., एक ते चार मी, चारनंतर धाकटी. ज्याचा पहारा नाही त्याने झोपायचेच, हा नियम सौ.नी केला आणि तो सर्वांत शहाणपणाचा ठरला. आजाऱ्याजवळ तिघांनी जागून तिघांनी थकण्यात माया असते, उपयोग नसतो.

गुरुवारी साबूचे वजन वीस ग्रॅमने वाढले. त्याने स्वतःहून गवताची काडी उचलली. धाकटीने रकान्यात मोठ्या अक्षरात 'खाल्ले' असे लिहिले आणि चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "बाबा, साबू वाचला."

शुक्रवारी माझ्या पहाऱ्यात, पहाटे तीनच्या सुमारास, साबूला एकाएकी पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. अंग गार पडले. मी त्याला शालीत घेऊन शेगडीपाशी बसलो. कोणाला उठवले नाही. साडेतीनला तो गेला.

डॉक्टरांना नंतर विचारले. ते म्हणाले, हिशेब लागत नाही. आजार होता, अशक्त होता. पण सुधारलेला ससा असा एकदम जातो तेव्हा... त्यांनी वाक्य पुरे केले नाही. सभ्य माणूस. मैदाला तेवढेच औषध दिले होते आणि तो वाचला, हेही खरे. रवा माझ्या औषधाने गेला नसावा, खसखस तर नाहीच. साबूचे मात्र मी माझ्याकडे धरतो.

चार वाजता धाकटी पहाऱ्याला आली. मी तिला सांगितले, साबू गेला. आणि मग सांगितले की दवाखान्यात मी खोटे बोललो होतो, ते तू दुरुस्त केलेस, बरे केलेस. आयुष्यभर मुलांना प्रार्थनेच्या वेळी खरे बोलण्यावर व्याख्याने दिली. एवढे छोटे वाक्य बोलायला मला इतके जड गेले की मध्ये पाणी प्यावे लागले. ती काही म्हणाली नाही. साबूच्या रकान्यात तिने तारीख आणि वेळ लिहिली. 'औषध' या रकान्यात रविवार ते मंगळवार तिने आधीच लिहून ठेवले होते: 'अमॉक्सिसिलिन, बाबांनी दिले.' तिने ते खोडले नाही. मीही खोड म्हटले नाही. तिघांच्याही नोंदी खऱ्या होत्या.

१५ ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झाले तेव्हा पाऊस ओसरला होता. साखर, मैदा, चुरमुरी आणि कुंदा फटींच्या पिंजऱ्यात, माझ्या खोलीत होते. पुस्तकांच्या खालच्या कप्प्यातला एक शब्दकोश मैदाने पाठीकडून खाल्ला. मी रागावलो नाही.

त्याच वर्षीची एक गोष्ट सांगून थांबतो. आमच्या शाळेत एका तुकडीतली दहा-बारा मुले सहामाहीत सगळ्याच विषयांत मागे पडली होती. दरवर्षी पडत. मी दरवर्षी एकेकाच्या पालकांना बोलावून घेत असे. एकेकाला समज, एकेकाला शिक्षा, एकेकाला जादा तास. त्या दिवाळीच्या सुट्टीत, कोणी नसताना, मी त्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसलो. फळ्यावर पश्चिमेच्या खिडकीचे ऊन पडून अक्षर दिसत नव्हते. कोपऱ्यात जुन्या गळतीची ओल होती, आणि पलीकडच्या तालमीचा आवाज थेट कानात येत होता. तीस वर्षे मी मुलांकडे बघत होतो. जमिनीकडे बघितले नव्हते. वर्ग बदलला. सगळी मुले हुशार झाली असे मी म्हणणार नाही. काही झाली, काही तशीच राहिली. पण बोलावून आणलेल्या बापांसमोर खाली मान घालून उभ्या राहणाऱ्या मागच्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात, आणि त्यांची माफी मागायला आता ती सापडत नाहीत.

कन्नडात सशाला 'मोल' म्हणतात, उच्चार जरा आखूड. आपल्याकडे मोल म्हणजे किंमत. आम्हा सीमेवरच्या माणसांना असे एका शब्दात दोन अर्थ ऐकत जगायची सवय असते.

साखर म्हातारी होऊन गेली. चुरमुरी आणि मैदाही गेले, आपापल्या वेळी. कुंदा सहा वर्षांचा झाला आहे, सशाच्या मानाने आजोबाच. धाकटी धारवाडला शिकते. ते डॉक्टर बदलून गेले, पण त्यांचा फोन नंबर आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, आणि त्याच कपाटात तो हजेरीपट आहे.

यंदा आषाढात कुंदा एक सकाळ खाईना. मी त्याचे वजन केले, मग डॉक्टरांना फोन केला. मग धाकटीला केला. सगळे ऐकून घेऊन तिने विचारले, "बाबा, तुम्ही काही दिलंत का त्याला?"

"काही नाही," मी म्हणालो.

पलीकडे ती क्षणभर गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "बरं. वजन सांगा."